कापराचा वास

मंडळी, दुपारपासून मन थाऱ्यावर नाही, म्हणून लिहितोय.

माझी नात सई हल्ली मध्येच हरवते, हाक मारली तरी ओ देत नाही. आज तिला परळला मेंदूच्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं. त्यांनी विचारलं, "घरात आधी कुणाला फिट यायची?"

मी ठणकावून सांगितलं, "छे! कुणालाच नाही."

तेवढ्यात सई म्हणाली, "आजोबा, कापराचा वास येतोय." तिची नजर थिजली. बोटं ओढणी चिवडू लागली, मान डोलू लागली.

ही तर माझी आत्या!

संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीत मी लहान होतो. लालबागच्या आमच्या चाळीत आत्याच्या अंगात यायचं. आधी ती विचारायची, "कापूर कोणी लावला?" कोणीच लावलेला नसायचा. बायका धावत येऊन तिची ओटी भरायच्या. "आई, मुंबई आमका गावतली मां?" आत्या मान डोलवायची.

मुंबई मिळाली. मग तर दारात रांगच लागली. पुढे आत्या नळावर कोसळली, ती उठलीच नाही.

सईने तिचा फोटोसुद्धा पाहिलेला नाही.

सई भानावर आल्यावर मी हे सगळं सांगितलं. बाईंनी विचारलं, "आत्याला कुठल्या डॉक्टरांना दाखवलं होतं?"

तुम्हीच सांगा, देवीला कधी कुणी डॉक्टरकडे नेतं का?