गुरुजींच्या कामाची दुसरी प्रत

त्या तक्रारीची आठवण झाली की मला माझ्या घाईची आजही लाज वाटते.

सानगडीकडच्या एका निवृत्त गुरुजींनी गावोगावच्या शेतकऱ्यांचा गट जमवून धानाच्या जुन्या वाणांची माहिती गोळा केली होती. फोटो, म्हाताऱ्यांच्या तोंडच्या आठवणी, सगळं गुरुजींच्या घरच्या संगणकात. गटातले सगळे मोबाईल त्याला जोडलेले; एकानं टाकलं की सर्वांना दिसे. कंपनीच्या भरवशावर नको, आपलं आपल्या घरी, हा गुरुजींचा हट्ट. ते वारले आणि महिनाभरात सगळं गायब झालं. मुलगी अर्ज घेऊन माझ्या पोलीस ठाण्यात आली. सोबत तिची आई होती.

त्याच दिवशी फोनवर खबर मिळाली, की संगणकाचा पासवर्ड जवाहरनगरच्या सरकारी दारूगोळा कारखान्यातल्या एका कामगाराकडे आहे आणि गटाशी त्याचं वाजलं आहे. मी त्याला बोलावून घेतलं. दर रविवारी येऊन तो ही यंत्रणा फुकट सांभाळायचा. गुन्हा दाखल झाला तर सरकारी नोकरीवर गदा येणार, हे त्याला ठाऊक होतं. मी दोन तास दरडावलं. तो गप्प. चोर गप्प बसतो तसा घाबरलेला माणूसही बसतो, हे विसरून मी मनातल्या मनात त्याला आरोपी करून टाकलं होतं.

शेवटी पाणी पिऊन तो म्हणाला, "साहेब, सगळ्याची दुसरी प्रत माह्याजवळ आहे, क्वार्टरवर. गुरुजीच म्हणत, एक प्रत घराबाहेर ठेव. पण दाखवली असती तर तुम्ही म्हटलं असतं, चोरीचा माल भेटला."

खरंच म्हटलं असतं.

हार्डडिस्क आणवली. संगणकातली नोंद तपासली, तर फाइली गुरुजींच्याच मोबाईलवरून पुसल्या गेल्या होत्या. तो मोबाईल आता मुलीच्या आईंकडे होता.

"मले वाटलं, या मोबाईलमधलंच जाईल," त्या म्हणाल्या. "जागा नाही, जागा नाही म्हणे. नातीचे फोटो येऊनच नाही राहिले."

मुलगी रडू लागली. तो कामगारच पुढे झाला. "काकू, चूक माही आहे. एका जागी पुसलं का सगळीकडचं जाते, हे मी तुम्हाले सांगाले पाहिजे होतं."

मी अर्ज निकाली काढला. समोरचा गप्प का आहे, हे दरडावण्याआधी विचारावं, एवढी साधी गोष्ट मी निवृत्तीच्या तोंडावर शिकलो.

प्रत शाबूत आहे का पाहायला त्यानं एक ध्वनिफीत लावली. गुरुजी कुणा म्हाताऱ्याला धानाचं नाव विचारत होते. मागून आईंचा आवाज आला, "जेवण थंड होऊन राहिलं जी."

"आलो, आलो," गुरुजी म्हणाले.

आई खुर्चीवरून उठल्याच. मुलीनं त्यांचा हात धरला आणि त्यांना पुन्हा खाली बसवलं.