कुंडीमागचं कबुतर

शेजारच्या काकूंच्या गॅलरीला जाळं बांधताना मी कबुतर आतच कोंडलं.

कारण माझा जळकेपणा. आमचे आजोबा मोरा बंदरातले मच्छीमार. नव्वदीला टेकल्यावर खांदा कॉलनीत आमच्याकडे राहायला आले, पण हातातली विणायची सुई काही सुटली नाही. मासे नाहीत तर नाहीत, म्हणून कबुतरांसाठी जाळी विणू लागले आणि बघता बघता सगळ्या बिल्डिंगच्या गॅलऱ्या झाकल्या. ते गेले तरी ती जाळी अजून आहेत. ते असताना चारही मजल्यांवरची पोरं त्यांना आजोबा म्हणायची. आजोबा माझे आणि हाका यांच्या!

एकदा ते दोन दिवस मोऱ्याला गेले. त्यांनी काकूंसाठी विणून ठेवलेलं जाळं, खरा नातू कोण ते दाखवायला, मीच रुबाबात नेऊन बांधलं. कुंडीमागे कोण बसलंय हे बघतोय कोण?

आजोबा परतले ते फडफड ऐकून थेट काकूंच्या स्टुलावर चढले. माझ्या गाठी सोडल्या, कबुतर उडालं.

काकूंनी विचारलं, "आजोबा, हा तुमचाच नातू ना?"

"माजाच हाय गो," आजोबा म्हणाले. मी जरा ताठ झालो.

"पन जालं बांदाचं असंल तं मला हाक मार. याला नको."