कॉफीने भरलेलं तेलवाहू जहाज

यशोधन धारप पंधरा ऑगस्टला झेंडावंदनाला येत नाही, कारण डच पासपोर्ट हातात पडल्यापासून त्याला तिरंग्याची लाज वाटते, अशी कुजबुज आमच्या मराठी मंडळात गेली काही वर्षं चालू आहे. उल्काबाईंकडे याहून चविष्ट माल होता. त्यांच्या मते हेगला त्याची कुणीतरी बाई आहे. त्या दिवशी तो गडद सूट घालून, कोटाला पांढरं फूल लावून एकटाच गाडीतून निघतो, हे त्यांनी स्वतः पाहिलं होतं. उल्काबाईंचं घर त्याच्या घरासमोर, आणि त्यांची नजर रॉटरडॅम बंदरावरच्या कॅमेऱ्यांपेक्षा कामसू, त्यामुळे पाहिलं यात शंका नाही.

"आणि खिडकीत ते जपानी आरमाराचं जहाज मांडलंय, ते कशाला हो?" त्या मला विचारायच्या.

मी म्हणायचो, "बाई जपानी असेल." त्या तीन दिवस खूश असायच्या.

आता तो यशोधन कोण, ते सांगतो. मूळचा पुण्याचा, पन्नाशी ओलांडलेला, रॉटरडॅमलगतच्या कापेल आन डेन आयसेलमधल्या एकाला एक चिकटलेल्या विटांच्या घरांपैकी एकात बायको लतिकाबरोबर राहणारा. नोकरी तेलवाहू जहाजांच्या सॉफ्टवेअरची. जहाजाच्या पोटात टाक्यांच्या रांगा असतात. कोणती टाकी किती भरली म्हणजे जहाज वाकडं होणार नाही, याचा हिशेब त्याचा संगणक करतो. घरी आला की हाच माणूस लाकूड, पत्रा आणि प्लॅस्टिक कापून जहाजांच्या प्रतिकृती बनवतो. लतिका म्हणते, "दिवसभर जहाज, रात्री जहाज. मी बंदर असते तर माझ्याकडे पाहिलं असतं."

माणूस सज्जन. दोष एकच, त्याला नाही म्हणता येत नाही. एका गणपतीत त्याने एकाच वेळेच्या दोन घरच्या आरत्यांना हो म्हटलं आणि दोन्हीकडे प्रसाद वाटताना पोचला. आम्ही हसलो. असल्या गोष्टींना हसायचंच असतं, असं तेव्हा वाटायचं.

त्याची शेजारीण हेस्टरबाई. भिंतीला भिंत. नव्वदीकडे झुकलेली, ताठ, पांढऱ्या केसांची. जन्म बोर्निओच्या किनाऱ्यावरचा, डच राजवटीतल्या एका तेलाच्या बंदरातला. वडील तिथे पंपांवरचे मुकादम होते. एकदा वाढदिवसाच्या कॉफीला तिने या दोघांना बोलावलं. इथल्या रिवाजाप्रमाणे सगळ्यांनी गोल बसायचं, प्रत्येकाचं प्रत्येकाने अभिनंदन करायचं आणि बशीतलं एकच बिस्किट उचलायचं. इतर पाहुणे गेल्यावर तिने यशोधनला थांबवलं.

"धारप, तुम्हाला तेलाची जहाजं कळतात. त्यात माणसाला कुठे ठेवतात?"

"खलाशी मागच्या बाजूला राहतात, धुराड्याखाली. अधिकारी मध्ये."

"खलाशाला नाही हो. कैद्याला."

मग तिने सांगितलं. जपानी आले तेव्हा ती सात वर्षांची होती. तिला आणि आईला छावणीकडे नेणारा ट्रक धक्क्यावरून गेला. तिथे एक जपानी तेलवाहू जहाज निघायच्या तयारीत होतं. तिचे वडील त्याची शिडी चढत होते आणि मागे बंदूकवाला शिपाई. वडील परत आले नाहीत. धक्क्यावरच्या एका मजुराने आईला जहाजाचं नाव तेवढं सांगितलं होतं, मुरोसाकी. युद्ध संपल्यावर मायलेकी हॉलंडला आल्या, तर इथल्या लोकांना जर्मनांच्या ताब्यात काढलेल्या स्वतःच्या उपासमारीच्या हिवाळ्यापुढे उष्ण देशातल्या गोष्टी ऐकायला वेळ नव्हता. मग तिनेही सांगणं बंद केलं.

"त्या जहाजात नुसत्या टाक्या होत्या ना? मला लहानपणापासून दिसतं, की त्यांनी बाबांना टाकीत टाकलं आणि वरून झाकण लावलं. अजून दिसतं."

यशोधनने त्या दिवशी दुसरं बिस्किट उचललं म्हणे, इतका तो गडबडला.

त्यानंतर तो मुरोसाकीच्या मागे लागला. महिनोन्महिने दुसरा विषय नाही. मी फिरायला निघालो की हा सायकल हातात धरून शेजारून चालायचा आणि सांगायचा, "काका, फार गरीब जहाज होतं हो. युद्धनौकेसारखा मान नाही. लढाईच्या वीसेक वर्षं आधी बांधलेलं, सावकाश चालणारं. बोर्निओतून तेल भरायचं आणि आरमाराला नेऊन पाजायचं, एवढंच काम. भर समुद्रात मागून रबरी नळी सोडायची, मोठ्या नौका येऊन पिऊन जायच्या."

"म्हणजे दूधवाला."

"दूधवालाच. आणि शत्रूचा पहिला डोळा दूधवाल्यावर. तो मेला की बाकीचे आपोआप उपाशी. एकदा पाणतीर, म्हणजे टॉर्पेडो, लागून नाक फुटलं. ओढत सिंगापूरला नेलं, नवं नाक लावलं, पुन्हा तेच काम. शेवटी शेवटी तर बोर्निओचं कच्चं तेल न गाळताच बॉयलरमध्ये घालायचे. जहाज म्हणजे तरंगता बाँब. फिलिपिन्सजवळ अमेरिकन विमानांनी बुडवलं."

"आणि बाईचे वडील?"

"तोवर ते जहाजावर होते का, उतरवले होते, आधीच गेले होते, कुणालाच ठाऊक नाही. तसं मी त्यांना सांगितलंय."

मी म्हटलं, "मग तू एवढा घाम कशाला गाळतोस?"

त्याने मुरोसाकीची प्रतिकृती केली. हातभराहून लांब, मध्ये अधिकाऱ्यांची माडी, मागे उंच धुराडं. एक बाजू पारदर्शक ठेवली, म्हणजे पोटातल्या टाक्या दिसाव्यात. लतिकाच्या मदतीने उचलून ती हेस्टरबाईंच्या टेबलावर ठेवली, आणि बाईंनी केलेली किटलीभर कॉफी तो एकेका टाकीत ओतायला लागला.

"अहो, काय करताय? चांगली कॉफी आहे!"

"थांबा. हे जहाज निघालं कुठून?"

"आमच्या बंदरातून."

"काय घेऊन?"

"तेल. दुसरं काय होतं आमच्याकडे?"

"मग निघताना टाक्या कशा होत्या?"

बाई काळ्या कॉफीने गच्च भरलेल्या टाक्यांकडे बघत राहिल्या. यशोधनने खिशातून खेळण्यातल्या आगगाडीचा बोटाच्या पेराएवढा माणूस काढला आणि त्यांच्या तळहातावर ठेवला.

"आता याला टाकीत ठेवून दाखवा. तेल भरायला इतक्या लांबून आलेलं जहाज एकही टाकी रिकामी ठेवून जाणार नाही. आणि पंपांवरच्या माणसाला कशाला नेतील? पंपांसाठीच ना. हा पंपांपाशी असणार, नाहीतर मागे डेकवर."

बाईंनी तो माणूस स्वतःच्या हाताने मागच्या कठड्याशी उभा केला. हे मला लतिकाने सांगितलं. मग बाई म्हणाल्या, "म्हणजे त्यांना समुद्र दिसत होता. मीच त्यांना इतकी वर्षं अंधारात ठेवलं."

तो निघाला तेव्हा त्यांनी यशोधनचा हात धरला. पंधरा ऑगस्टला जपान शरण आला. त्या दिवशी हेगमध्ये पूर्वेकडच्या युद्धातल्या मृतांच्या स्मारकापाशी लोक पांढरं फूल लावून जमतात. त्या कधी गेल्या नव्हत्या. टाकी डोळ्यांपुढे घेऊन तिथे उभं कसं राहायचं? आता जाता येईल. यंदा न्याल?

यशोधन हो म्हणाला. तो हो म्हणणारच.

घोटाळा असा, की तो दिवस आपलाही. आमच्या झेंड्याचा दांडा यशोधननेच बनवलेला, कप्पीदोरीसकट. घडीत गुलाबाच्या पाकळ्या घालून झेंडा बांधायचा, दोरी ओढली की गाठ सुटून पाकळ्या पाहुण्यांच्या डोक्यावर. ती गाठ एकट्या यशोधनला जमायची. आदल्या वर्षी तो भारतात होता, तेव्हा पाहुण्यांनी दोरी ओढता ओढता दांडाच पाडला होता. त्यामुळे चिटणीस मंजूषाताईंनी फोन केला, "यशोधन, यंदा तू शेवटपर्यंत दोरीपाशी. पाहुणे म्हातारे आहेत." तिथेही तो हो म्हणाला.

लतिकाने सांगून पाहिलं, "मंजूषाला म्हण, मला हेगला जायचंय. ती काय खाणार आहे का तुला?"

"अगं, दहाचा कार्यक्रम, अकराला मोकळा. हेग अर्ध्या तासावर. दुपारी असतं तिथलं सगळं."

"आपला दहाचा कार्यक्रम?"

आपल्या मंडळाचा दहाचा कार्यक्रम दहाला सुरू होईल असं मानणारा हा जगातला एकटाच माणूस. पाहुणे आणि बटाटेवडे, दोन्ही लांबच्या न्यूनेन गावाहून मंडळातल्या पुष्करच्या गाडीतून येणार होते. गाडी हायवेवर अडकली. पाहुण्यांशिवाय झेंडा नाही आणि वड्यांशिवाय माणसं थांबत नाहीत, म्हणून सगळंच थांबलं. यशोधन दांड्यापाशी उभा. सूट घातलेला, खिशात कागदात गुंडाळलेलं पांढरं फूल. मी म्हटलं, "लग्न आहे का रे आज?" त्याने घड्याळ दाखवलं.

"मग जा ना!"

"काका, पुष्कर म्हणतोय दहा मिनिटांत पोचतो."

पुष्कर चार वेळा दहा मिनिटांत पोचणार होता. मध्येच यशोधनने हेस्टरबाईंना फोन केला, "पाचच मिनिटं, निघालोच." हे वाक्य आपल्यात रोज म्हणतात आणि कुणी मनावर घेत नाही. बाईंनी घेतलं. त्या काळा कोट घालून, फूल लावून, चाकांचा वॉकर धरून फाटकाशी येऊन उभ्या राहिल्या. उल्काबाई तब्येतीमुळे घरीच होत्या. त्यांनी खिडकीतून पाहिलं, की बाई बराच वेळ रस्त्याकडे बघत उभी होती, भुरभूर पाऊस आला तरी हलली नाही, आणि मग आत गेली. कुणाची वाट बघते, हे त्यांना कळलं नाही. समोरून दिसतं ते सगळं कळतंच असं नाही.

झेंडा फडकला. पाकळ्या अगदी बरोबर पडल्या. टाळ्या झाल्या. यशोधन वडा न घेता पळाला.

तो पोचला तेव्हा बाईंचा कोट खुंटीवर होता आणि टीव्हीवर हेगच्या स्मारकापाशी लोक पुष्पचक्रं उचलून नीट लावत होते. कार्यक्रम संपला होता.

"बाई, मला... पुढच्या वर्षी नक्की."

"हो, पुढच्या वर्षी," बाई म्हणाल्या. रागावल्या नाहीत. फक्त विचारलं, "तुमचं ठरलेलं होतं तर सांगितलं का नाहीत? मी टॅक्सी केली असती."

त्याच हिवाळ्यात त्या गेल्या. घर रिकामं करताना त्यांच्या भाचीने जहाज यशोधनला परत दिलं. टाक्यांच्या तळाशी कॉफीचे तपकिरी डाग आहेत, ते निघत नाहीत. माणूस अजून मागच्या कठड्याशीच आहे.

मंडळाने झेंड्याला साधी गाठ मारायला सुरुवात केली. पाकळ्या कधी पडतात, कधी नाही. मंजूषाताईंनी त्याला दोनदा बोलावलं. दोन्ही वेळा तो "नाही" म्हणाला, आणि लतिका सांगते, त्याचा आवाज आम्हाला ओळखू आला नसता. मी उल्काबाईंना हे सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या, "मला कुणी सांगितलं असतं तर मीच नेलं असतं हो तिला. समोरच तर राहते मी."

यशोधनला झेंड्याची लाज वाटत नाही, आणि हेगला त्याची कुणी बाई नाही. पंधरा ऑगस्टला तो तिथल्या स्मारकापाशी जाऊन उभा राहतो. हेस्टरबाईंना तो तिथे घेऊन गेला नाही.