शिव्यांच्या चॅनेलवर बंदीचा ठराव

एक नवरा-बायको रोज मोबाईलवर लाइव्ह येऊन एकमेकांना आईबहिणीवरून शिव्या घालतात, आणि आमचं गाव जेवता जेवता ते बघतं. मला सहन होईना. मी पत्रकं छापली: ‘ही करमणूक नव्हे, ही सडकी डोकी!’ दूध संस्थेच्या रांगेत वाटली. लोकांनी ती घडी घालून किटलीच्या झाकणाखाली दाबली, दूध हिंदकळू नये म्हणून. मग म्हटलं, आता ग्रामसभाच. गावात हे चॅनेल बंद, असा ठराव मांडायचा.

आमच्या ग्रामसभेला कोरम भरत नाही. दर वेळी तहकूब. शेतीची माहिती दाखवायला पंचायतीनं प्रोजेक्टर आणला, तो आल्यापासून प्लास्टिकात. वायफायच्या डब्यात पाल राहते. पण माझ्या ठरावाची सूचना भोंग्यावरून गेली आणि पंचायतीचा हॉल भरला. एमआयडीसीतली पाळी सुटलेले घरी न जाता थेट आले. लोक जागे झाले, या विचारानं माझा ऊर भरून आला.

मी बोलायला उभी राहिले, तोच पुढं बसलेली माझी चुलती म्हणाली, “आगं, बघितल्याबिगर बंदी कशी घालायची? माझ्यापाशी कुठं हाय तसला फोन?”

“व्हय की! पुरावा दाखवा!” मागून गलका.

“नियमाला धरून हाय,” सरपंच म्हणाले.

लगेच कुणी खिडक्यांवर खताची पोती लावली, कुणी पाल हाकलली. प्रोजेक्टर कुणालाच जोडता येईना. शेवटी मीच जोडला. जे शेतीच्या माहितीनं झालं नव्हतं, ते शिव्यांनी करून दाखवलं! भिंतीवर ती दोघं उगवली. पहिल्याच शिवीला बायकांनी पदर तोंडाला लावला. डोळे उघडेच.

“बाई बरोबर हाय!”

“कशाची बरोबर? दोघं बी नग हाईत!”

“आवाज वाढीव की गं!” ही माझी चुलती.

“अहो, ठरावाचं काय?” मी ओरडले.

“दम धरा की ताई,” सरपंच भिंतीवरची नजर न काढता म्हणाले, “ती माहेरला निघालीया.”

ती काही माहेरला गेली नाही. त्यामुळं पुरावा अपुरा ठरला आणि बंदीचा विषय पुढच्या सभेवर गेला. भिंतीवर तोंडं नीट दिसत नाहीत, म्हणून मोठा पडदा घेण्याचा ठराव मात्र तिथल्या तिथं मांडला गेला. मी विरोध करायला ताडकन हात वर केला.

सगळ्यांचेच हात वर होते. ग्रामसेवकानं माझाही त्यात धरला आणि लिहिलं: एकमतानं मंजूर.