भिकनच्या बाजूने कोण आहे?

फोपनारच्या शाळेत दीडशे पोरांचा स्वयंपाक उरकायचा, हाताचा मसाला धुतला न धुतला तोच बुऱ्हाणपूरची गाडी पकडायची आणि कोर्ट गाठायचं. सव्वा महिन्यात मालूबाईची ही चौथी खेप. नवरा भिकन जेलात होता, आणि त्याची केस बघणाऱ्या योगेंद्र वकिलाने याही वेळी कागदातून मान वर न काढता सांगितलं, "जजसाहेब छुट्टीवर आहेत, भाभी. जमानतीचं पुढच्या तारखेला, पेशीला बघू."

भिकन अठरा वर्षं नंदकुमार शेठच्या केळीच्या गाडीवर ड्रायव्हर. रस्त्यात गाय बसलेली दिसली तर हॉर्न न वाजवता खाली उतरून तिला उठवणारा माणूस. पण त्या दिवशी गाडी शेठचा मुलगा रितेश घेऊन गेला होता, तोही पिऊन. चांदनी गावाच्या वळणावर त्याने एका सायकलवाल्या म्हाताऱ्याला उडवलं आणि गाडी तिथेच टाकून पळाला. म्हातारा जागीच गेला.

संध्याकाळी शेठ भिकनच्या अंगणात येऊन उभे राहिले. "गाडी तू चालवत होतास, एवढंच म्हण. अपघाताची केस, ठाण्यातच जमानत होते. वकील माझा. पुढच्या महिन्यात रितेशचं लग्न आहे रे."

भिकनने चपला घातल्या आणि तो शेठच्या मागोमाग निघाला. आपण तेव्हा दारात आडव्या का नाही झालो, हे मालूबाईच्या मनातून पुढे कधी गेलं नाही.

दुसऱ्या सकाळी शेठनेच त्याला ठाण्यात नेऊन हजर केलं. जमानत काही झाली नाही. बघणारे म्हणत होते, ड्रायव्हर तर्र होता, झोकांड्या खात पळाला. केसला गैरइरादतन हत्येचं, म्हणजे सदोष मनुष्यवधाचं कलम लागलं. दहा वर्षांपर्यंत शिक्षा.

त्या चौथ्या खेपेला मालूबाई वकिलाच्या टेबलापासून उठली, पण तिचे पाय गाडीकडे वळेनात. साहेब सुट्टीवर, तर समोर त्यांच्या कोर्टाच्या दारातून माणसं आतबाहेर का करताहेत? तिने दारावरच्या शिपायाला विचारलं. तो म्हणाला, "छुट्टी? साहेब तर रोज बसतात, बाई."

आता कुणाला विचारायचं? एका चहावाल्याने बोटाने दाखवलं, "त्या खोलीत जा, विधिक सेवामध्ये. गरिबाला, जेलातल्या माणसाला तिथे सरकारकडून वकील भेटतो, फुकट."

तिथे ज्योत्स्ना मॅडम बसल्या होत्या, तिशीतल्या, पांढऱ्या साडीवर काळा कोट. त्यांनी सगळं ऐकलं, कॉम्प्युटरवर केस उघडली आणि नोंदी खालपर्यंत वाचल्या.

"जमानतीचा अर्जच लागलेला नाही, मावशी."

"म्हणजे फेटाळला?"

"नाही. दिलाच नाही कधी. वकिलाने फक्त वकालतनामा, आपलं वकीलपत्र, लावून ठेवलाय. भिकनला वकील आहे असं दिसतं, म्हणून आमच्याकडून कुणी विचारलंही नाही."

मालूबाई खुर्चीवरून खाली जमिनीवरच बसली. शेठच्या वकिलाला भिकन बाहेर यायलाच नको होता. बाहेर आला तर बोलेल. "तुम्ही घ्या ना केस," ती म्हणाली. "तुमच्या पाया पडते."

"घेईन. पण दुसरा वकील पाहिजे, हे भिकननेच म्हणायला लागेल. सही त्याची."

भिकन सही देईना. जेलातल्या भेटीत जाळीपलीकडून तो म्हणाला, "मालू, अठरा वर्षं त्यांचं मीठ खाल्लंय. जबान दिली मी."

"अहो, त्यांनी अर्ज नाही दिला!"

"तुला कोर्टाचं काय समजतं? योगेंद्रसाहेब दर पेशीला उभे राहतात."

"तुम्ही पाहिलं?"

त्याची पेशी जेलातूनच व्हायची, व्हिडिओवर. पडद्यावर फक्त न्यायाधीश दिसत. वेळ संपली आणि मालूबाई रिकाम्या हाताने परतली. दुसऱ्या दिवशी शाळेत तिच्या हातून खिचडीत दोनदा मीठ पडलं. शेठचा माणूस येऊन दारातूनच सांगून गेला, "सरकारी वकिलाच्या नादी लागू नको. दहाचे वीस होतील." तिला ते खरंही वाटलं. दोन दिवस ती कुठेच गेली नाही.

तिसऱ्या दिवशी गेली. ज्योत्स्ना मॅडमनी कोर्टाच्या रोजच्या नोंदींची नक्कल काढून ठेवली होती. पुढच्या भेटीला मालूबाईने ते कागद जाळीला लावून धरले. ती चौथी पास, भिकन सातवी. त्याने बोट फिरवत हिंदी वाचलं. प्रत्येक तारखेखाली एकच ओळ: अभियुक्त की ओर से कोई उपस्थित नहीं.

"कोणीच नाही?" भिकनने विचारलं.

"कोणीच नाही."

त्याने पुन्हा पहिल्यापासून वाचलं. मग कपाळ जाळीला टेकवून हा पन्नाशीचा माणूस हुंदके देत रडला. शिपाई दोनदा "चलो" म्हणाला, तरी हलला नाही. ज्योत्स्ना मॅडम जेलात आल्या तेव्हा त्याने सही केली आणि पहिल्यांदा खरं सांगितलं. अपघात झाला तेव्हा तो बुऱ्हाणपुरात सरकारी दवाखान्यात दाढ काढायला गेला होता.

"पण मी ठाण्यात कबूल केलंय, मॅडम."

"पोलिसांसमोरच्या कबुलीवर शिक्षा होत नाही. दवाखान्याचं रजिस्टर मागवू."

रजिस्टर यायला तीन आठवडे लागले. तोवर दिलेला पहिला अर्ज फेटाळला गेला. त्या दिवशी मालूबाई कोर्टाच्या पायरीवर बसली ती शेवटची गाडी चुकेपर्यंत. खाडे पडून शाळेतलं कामही जाईल की काय, असं झालं होतं. दुसऱ्या अर्जाला रजिस्टरची नक्कल जोडली आणि जमानत मिळाली. आता जमानतदार हवा होता. शेठच्या धाकाने फोपनारमधून कुणी येईना. शेवटी धूलकोटहून तिचा भाऊ कडू आपल्या शेताचा कागद घेऊन आला.

भिकन तीन महिन्यांनी घरी आला. केस सुटलेली नाही. रितेशचं नाव अजून कागदावर नाही. त्यासाठी वेगळा अर्ज दिलाय, आणि मॅडम म्हणतात, वेळ लागेल. शेठच्या घरावरून जाताना भिकन अजूनही मान खाली घालतो, जणू चोरी त्याने केली. मालूबाईशी तो कमी बोलतो. पण मागच्या पेशीला पुकारा झाला आणि न्यायाधीशांनी विचारलं, तुमचे वकील कोण, तेव्हा तो मागे वळला आणि हात करून म्हणाला, "ह्या मॅडम. माझ्या आहेत."