सातनंतर नऊ

"एक, तीन, पाच, सात."

प्रोफेसर माझ्या झेरॉक्सच्या गठ्ठ्याची पानं दोन बोटांच्या चिमटीत धरून उलटत होता आणि मोठ्यानं मोजत होता. टेबलाभोवती अकरा माणसं. बारावा मी, दाराजवळच्या खुर्चीत.

"नऊ, अकरा, तेरा." आता दोघंतिघं फिसफिसायला लागले होते. मग त्यानं इंग्रजीत विचारलं, सम आकड्यांची पानं कुठं आहेत? म्हटलं, नाहीत. कधीपासून? म्हटलं, पहिल्यापासून.

हसण्याचा स्फोट. सहा महिने एक माणूस अर्धंच पुस्तक वाचतोय आणि तक्रार नाही, यापेक्षा मोठा विनोद त्या ऑफिसात झाला नव्हता. प्रोफेसरनं गठ्ठा माझ्यासमोर ठेवला, खाली वाकला आणि हळू आवाजात बोलला. मराठीत.

"चूक तुझी नाही रे. अर्ध्या मार्कांवर आलेल्याला अर्धं पुस्तक पुरतं."

बाकीच्यांना मराठी येत नव्हती. त्याचा चेहरा हसरा होता म्हणून ते पुन्हा हसले. आणि मीही हसलो. सगळ्यांत मोठ्यानं मीच हसलो. का हसलो, ते मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही.

नव्वदच्या दशकाचा मधला काळ. बंगलोर, मल्लेश्वरम, साड्यांच्या दुकानावरचा दुसरा मजला. परदेशातल्या एका विमा कंपनीचं कॉम्प्युटरचं जुनं मशीन आम्ही इथून फोनच्या तारेवर सांभाळायचो. इतकं जुनं की बनवणाऱ्यांनी ते बनवणं सोडून दिलं होतं आणि त्याची पुस्तकं छापणंही. माहिती होती ती तीन रूपांत. एक टेप, जी वाचणारं यंत्र आमच्याकडे नव्हतं. फोटोच्या फिल्मसारख्या काही पट्ट्या, ज्यांवर मुंगीएवढी अक्षरं होती आणि ज्या लोक ट्यूबलाइटसमोर धरून एक डोळा मिटून वाचायचे. आणि गिऱ्हाइकानं पाठवलेल्या एकवीस जाडजूड फायली, सुट्या पानांच्या, लोखंडी कड्या घातलेल्या. अख्ख्या बंगलोरात तो संच एकच, असं प्रोफेसर सांगायचा. त्या फायली काचेच्या कपाटात. चावी त्याच्या खिशात.

प्रोफेसर हे ऑफिसनं ठेवलेलं नाव. शिकवण्याशी त्याचा काही संबंध नव्हता. तो आमचा प्रोजेक्टचा प्रमुख, पुण्याचा. मी नागपूरचा हे कळल्यावर दुसऱ्याच दिवशी मला खाली कॉफीला घेऊन गेला. बाय-टू, एका कॉफीचे दोन पेले. परमुलखात मराठी कानावर पडली म्हणून मी विरघळलो होतो. त्यानं आडनाव विचारलं. मग नागपुरात नेमकं कुठं, ते विचारलं. मी वस्तीचं नाव सांगितलं. त्याची अर्धी कॉफी एका घोटात संपली. पुढं आमची बाय-टू कधी झाली नाही. दोघंही आपापली पूर्ण कॉफी प्यायला लागलो.

पहिल्याच महिन्यात एकदा कपाट उघडं दिसलं. मी फाइलला हात लावला. मागून आवाज आला, "हात धुतलेस का?" मी हात मागं घेतला. पुस्तक दुर्मिळ होतं, तेलकट बोटं लागली असती, हे खरंच. पण माझ्याआधी डब्यातलं लोणचं चाटत चौघं जण तीच फाइल चाळून गेले होते. त्यांना कुणी विचारलं नाही. मी गेलो, हात धुऊन आलो. तोवर कपाट बंद झालं होतं.

मग मला पहिल्या फाइलची झेरॉक्स मिळाली. दुकानदारानं सुटी पानं मशीनमध्ये घातली, मशीननं प्रत्येकाची पुढची बाजू टिपली, मागची तशीच राहिली. झेरॉक्स सगळ्यांची तशीच होती. बाकीच्यांच्या पहिल्याच तासात लक्षात आलं. ते प्रोफेसरकडून चावी मागून उरलेली पानं बघून आले. माझ्याही लक्षात आलं होतं. मी काही आंधळा नव्हतो. पण मी काय समजूत करून घेतली, सांगू? मला वाटलं, उरलेली पानं वरच्या लोकांसाठी असतील. आपल्याला देतात तेवढंच आपलं. इंजिनियर झालेला, पहिल्या वर्गात पास झालेला माणूस. हे डोकं.

विचारावं तर उघडा पडेन. जातीच्या दाखल्यावर आलेला, याला एवढंही कळत नाही. म्हणून मी मधली पानं स्वतः रचायला लागलो. झेरॉक्सच्या कोऱ्या पाठीवर पेन्सिलनं. वाक्य एका पानावर तुटायचं, पुढच्या पानावर भलत्याच विषयाची शेपटी सापडायची. मधलं मी लिहायचो. लेखकाची हौस तिथंच भागवून घेतली.

मशीनमधली फाइल उघडायची कशी, हे होतं पान एकसष्टवर. बंद करायची कशी, ते बासष्टवर. माझ्या रचनेनुसार ती आपोआप बंद व्हायची. व्हायची नाही. माझे सगळे प्रोग्राम दारं सताड उघडी टाकून निघून जायचे. एके दिवशी त्या उघड्या राहून अडकलेल्या फायलींमुळं तिकडं सात समुद्रांपलीकडं विमा कंपनीचं अख्खं ऑफिस हात बांधून बसलं. त्याचीच ती मीटिंग.

मीटिंगनंतर तरी मी पानं मागितली का? नाही. शेजारच्याच्या वहीतून थोडं थोडं उतरवून घेत राहिलो.

दोन महिन्यांनी महादेवी आली. गुलबर्ग्याकडची, माझ्यासारखीच दाखल्यावर शिकलेली, आमच्या टीममध्ये नवीन. प्रोफेसरनं केबिनच्या दारातूनच मला सांगितलं, इसको तुम्हारावाला दे दो. मी दिला. तोच गठ्ठा, पाठीवरच्या माझ्या पेन्सिलीसकट. देताना खिदळून म्हटलं, सांभाळून, दुर्मिळ आहे.

दहा मिनिटांत ती उभी राहिली. अख्ख्या हॉलमध्ये ऐकू जाईल अशा आवाजात तिनं मला हिंदीत विचारलं, "सार, आठवं पान कुठंय?"

मी म्हटलं, "नसतं."

माझ्या तोंडून आलं ते. कुणी शिकवलं नव्हतं, कुणी सांगितलं नव्हतं. मीच म्हटलं.

"नसतं कसं सार? सात आहे, नऊ आहे."

ती वाट बघत उभी. मी प्रोफेसरच्या केबिनमध्ये गेलो आणि चावी मागितली. आठ महिन्यांत पहिल्यांदा. तो उठून दारापर्यंत आला, महादेवीकडं बघितलं, आणि मला मराठीत, हळू, हसऱ्या चेहऱ्यानं म्हणाला, "आता तुझ्यासारखे दोन झाले होय?"

मी वळलो आणि ते वाक्य सगळ्या हॉलला इंग्रजीत सांगितलं. मग मीटिंगमधलं, अर्ध्या मार्कांचं, तेही सांगितलं. माझं इंग्रजी तेव्हा लंगडं होतं, क्रियापदं मागंपुढं झाली. पण त्या दोन वाक्यांना फार इंग्रजी लागत नाही. कुणी हसलं नाही. माझ्या बाजूनंही कुणी बोललं नाही, ते सांगून टाकतो. सगळे आपापल्या पडद्याकडं बघायला लागले.

प्रोफेसरनं चावी टेबलावर टाकली. मी चार खेपा करून एकवीसच्या एकवीस फायली हॉलच्या मधल्या टेबलावर आणून ठेवल्या. हात धुतले नव्हते. महादेवीनं आठवं पान उघडलं आणि वाचत बसली. मला थँक्यू वगैरे म्हणाली नाही. का म्हणावं?

माझी नोकरी कायम व्हायची होती. ती तीन महिने पुढं ढकलली गेली. कागदावर कारण होतं, वागणूक.

प्रोफेसर काय बोलला, याचं मला आता फारसं वाटत नाही. वाटतं ते त्या 'नसतं'चं. त्याच्या कपाटाला मी आतून दुसरं कुलूप लावलं होतं, आणि महादेवी दहा मिनिटांत माझ्यासमोर उभी राहिली नसती तर आज ते माझ्या हातानं आणखी दहा जणांना लागलं असतं.

त्याच आठवड्यात शनिवारी प्रोफेसरनं विचारलं, फायली कपाटात परत कधी ठेवणार? मी कामातून मान वर काढली आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं, ठेवणार नाही.