खोक्यातली होडी

शेजारच्या गच्चीवर पाण्याच्या टाकीला फायबरचा लेप चालू होता. त्या उग्र वासाने नव्वदच्या दशकातली नेरूळची आमची गच्ची आठवली. तेव्हा मला घरीच फायबरची कयाक, म्हणजे वल्ह्याने चालवायची निमुळती होडी, बनवून खाडीत घालायची होती. तळ अरुंद आणि वेगवान घ्यावा की रुंद आणि सपाट, बसायची जागा कमरेला घट्ट ठेवावी की मोकळी, या विचाराने झोप उडाली होती. शेवटी फ्रिजच्या खोक्याला घट्ट मापाचं भोक पाडलं आणि आत पाय घालून बसलो. बायको म्हणाली, "अहो, उलटली तर?" मी म्हणालो, "उलटव की." तिने खरंच खोकं आडवं केलं. गुडघे आत अडकले, गाल तापलेल्या फरशीवर टेकला, आणि मी नुसता धडपडत राहिलो. "इथे फरशी आहे म्हणून बरं," ती म्हणाली. मी खडूने मोठं माप आखलं, तळही रुंद ठरवला. ती वाकून बघत होती. "अजून वाढवा. एवढ्यात मी साडी सावरून बसणार कुठे?" ती येणार आहे, हे मला तेव्हा कळलं. तिला पोहता येत नव्हतं. आज साठी जवळ आली, तरी कयाकमध्ये ती पुढे बसलेली असताना माझी नजर पाण्यावर ठरत नाही. सारखी तिच्या लाइफ जॅकेटच्या पट्ट्यांकडे जाते.